डेन्झिलने लिहिलेला पाऊस

डेन्झिल हॉस्किंगचं काम घाणीचं, पण माणूस लख्ख. पाच वाजता काम सुटलं की तिथल्याच न्हाणीत साबणाने अंग घासायचा, धुतलेला शर्ट घालायचा आणि मगच टेकडी उतरून गावात यायचा. कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरच्या या पोर्थेनिस गावाचा सगळा मैला टेकडीवरच्या शुद्धीकरण केंद्रात जायचा. चाळण्या, टाक्या, पंप या सगळ्यांतून निवळून पाणी समुद्रात सुटायचं, आणि ते सगळं डेन्झिल बघायचा. एकोणीसशे एकाहत्तर साली, एकोणीस वर्षांचा असताना तो नगरपालिकेत लागला आणि तिथेच म्हातारा झाला.

मी गावच्या शाळेत शिकवायचे. दरवर्षी मे महिन्यात मुलांना घेऊन त्याच्या केंद्रावर जायचे. मुलं नाकं दाबून ओळीत उभी राहायची. डेन्झिल कमरेवर हात ठेवून म्हणायचा, "नाकं सोडा रे. परक्याचं काही नाही, तुमचंच आहे." मुलं खिदळायची. मग शेवटच्या टाकीतलं पाणी काचेच्या बरणीत भरून तो उजेडात धरायचा. त्या वेळी त्याचा चेहरा बघण्यासारखा असायचा. बरणीत काहीही नसायचं, आणि हे काहीही नसणं हीच त्याची कमाई होती.

एकोणनव्वद साली सरकारने पाणी विकलं. नळ, गटारं, टाक्या आणि टाक्यांबरोबर डेन्झिलसुद्धा. नवी कंपनी 'ट्रेवॉर्न वॉटर'. आधी मालक लंडनचे होते. मग फ्रान्सचे आले, मग अमेरिकेचे, आणि शेवटी तीन देशांतल्या चार फंडांनी मिळून कंपनी घेतली. त्यातला एक फंड, नंतर मला कळलं, परक्या देशातल्या निवृत्त शिक्षकांच्या पेन्शनचा होता. तिकडे कुठेतरी माझ्यासारखीच एखादी बाई आमच्या गटारावर चहा-बिस्किटं खात होती. बिचारीला ते ठाऊकही नसेल. मला ठाऊक झालं, आणि त्या दिवशी मला स्वतःचा चहा गोड लागला नाही.

"व्हॅनचा रंग पाच वेळा बदलला, बाई," डेन्झिल एकदा दुकानात भेटला तेव्हा म्हणाला. "पंप एकदाही नाही."

तीन पंप होते, त्यातला एक बंद पडला. डेन्झिलने नव्यासाठी कागद पाठवला. उत्तर आलं की विचार चालू आहे. विचार चार वर्षं चालला. मोठा पाऊस आला तर जादा पाणी साठवायला एक मोठी टाकी होती; ती गाळाने अर्धी भरली. गाळ काढायला पूर्वी सहा माणसं यायची. आता डेन्झिल एकटा उरला होता, आणि बाकी सगळं दूरच्या एका शहरातून, पडद्यावर बघून, बटण दाबून चालायचं. टाकी भरली की झडप उघडायची आणि न निवळलेला मैला थेट आमच्या समुद्रात जायचा.

अतिवृष्टीत झडप उघडायला परवानगी होती. कोरड्या दिवशी नव्हती. प्रत्येक वेळी कारण लिहून सही करायची, आणि ती सही डेन्झिलची असायची.

एका एप्रिलमध्ये, कडक उन्हात झडप उघडली. डेन्झिलने कागदावर लिहिलं, 'पंप बंद'. दुसऱ्या दिवशी विभागाचे साहेब आले. ड्र्यू फॅनशॉ, पस्तिशीचे, पायांत बूट इतके स्वच्छ की ते कधी चाळणीजवळ गेले नसतील हे लगेच कळावं.

"डेन्झिल, हे असं लिहून कुणाचं भलं होणार?"

"खरं आहे ते लिहिलं, साहेब."

"खरं कुणी खोटं म्हणतंय का? पण आपण कॉर्नवॉलमध्ये आहोत, पाऊस इथे रोजचाच. इथे 'पाऊस' लिहिलं तर कुणी भुवई तरी वर करेल का? आणि हे केंद्र बंद करून सगळा मैला पाइपाने पुढच्या गावी न्यायचा, असाही प्रस्ताव आहे मालकांपुढे. तुमची निवृत्ती जवळ आलीय म्हणे."

डेन्झिलने नवा कागद घेतला आणि 'अतिवृष्टी' लिहिलं. बाहेर ऊन इतकं होतं की साहेब गॉगल लावून गाडीत बसले.

एकदा लिहिलं की हात सरावतो. पुढची सात वर्षं तो लिहीत राहिला.

त्याची बहीण लव्हडे त्याच्याहून पाच वर्षांनी मोठी. लग्न नाही, मुलंबाळं नाहीत. तिचं जे काही होतं ते समुद्रात. शाळेत असल्यापासून ती रोज सकाळी आठला बंदराच्या भिंतीपलीकडे पोहायची, जानेवारीतसुद्धा. झडप उघडली असेल त्या दिवशी डेन्झिल सकाळीच तिच्या दारात जायचा.

"आज जाऊ नकोस. वारा वाईट आहे."

"वारा? अरे, पान हलत नाहीये."

"जेलीफिश आलेत म्हणतात."

"तू ना, दिवसेंदिवस आईसारखा होत चाललायस," ती म्हणायची, पण थांबायची. खरं कारण त्याने तिला कधीच सांगितलं नाही. एवढं लिहून दिल्यावर तोंडाने तरी काय सांगणार!

मग सातव्या वर्षी जूनमध्ये तो दोन दिवस सुट्टीवर होता. दूरच्या शहरातून कुणीतरी बटण दाबलं. आकाशात नखभरही ढग नव्हता. लव्हडे आठला पाण्यात उतरली, आणि मध्यावर गेल्यावर तिच्या तोंडाला काहीतरी लागलं. तिला वाटलं, शेवाळ. हाताने बाजूला सारलं तर तो कागद होता, आणि कागदाबरोबर जे असतं तेही. हे तिने मला सांगितलं तेव्हा तिने बशीतला बन दूर सारला. मीही सारला.

आठवड्यात तिचा कान सुजला. जंतू कानातून हाडात गेले. ट्रुरोच्या इस्पितळात दोनदा शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला, डावा कान गेला, आणि तोलही गेला. एकाहत्तराव्या वर्षी ती भिंत धरून चालायला शिकली.

डेन्झिल इस्पितळात तिच्या उजव्या बाजूला बसला आणि त्याने तिला सगळं सांगितलं. तिने पांघरूण छातीपर्यंत ओढलं. मग म्हणाली, "म्हणजे ते जेलीफिश तूच होतास."

पुढे चार महिने ती त्याच्याशी बोलली नाही.

ऑगस्टमध्ये तो माझ्या दारात आला. हातात टोपी होती. "बाई, शाळेत तुम्ही मुलांकडून पाऊस मोजून घ्यायचात. ती वही आहे का अजून?"

वह्या होत्या, एकवीस. निवृत्त झाल्यावरही पर्जन्यमापक मी माझ्या परसात आणून लावला होता. सवय जात नाही. त्याने त्याच्या सह्यांच्या कागदांच्या प्रती आणल्या होत्या. आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसलो. तो तारीख वाचायचा, मी वही उघडून सांगायचे.

"अकरा मे."

"शून्य."

"त्रेपन्न मिलिमीटर लिहिलेत मी," तो म्हणाला. थोड्या वेळाने त्याने आकडे वाचणं सोडलं आणि नुसत्या तारखा वाचू लागला. एकूण चव्वेचाळीस दिवस निघाले. शेवटी त्याने मोरीत जाऊन हात धुतले, पुसले, आणि परत धुतले.

सप्टेंबरच्या एका शनिवारी दुपारी चॅपलच्या सभागृहात कंपनीने लोकांना बोलावलं होतं. फॅनशॉ पडद्यावर चित्रं दाखवत होते: निळा समुद्र, हसणारी पोरं. हवामान बदललंय, पाऊस वाढलाय, कंपनी तरी काय करणार, असं त्यांचं म्हणणं.

डेन्झिल उठला. "पाऊस वाढलेला नाही. तो मी वाढवला," तो म्हणाला. "सात वर्षांत चव्वेचाळीस वेळा. माझ्या सहीने. या साहेबांनी सांगितलं आणि मी लिहिलं. माझ्या बहिणीचा कान त्यात गेला. तुमची पोरं त्यात खेळली. मला घाण उपसायची कधी लाज वाटली नाही. याची वाटते."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मासळीवाला ट्रेगेन्झा मागून ओरडला, "सात वर्षं झोपला होतास का रे?" डेन्झिल म्हणाला, "नाही. जागा होतो," आणि खाली बसला. मग मी उठून वह्या वाचल्या.

पुढे जे झालं ते ऐकून तुम्हाला नवल वाटणार नाही, किळस मात्र येईल. कंपनीने आधी पत्रक काढलं की एका कर्मचाऱ्याने खोट्या नोंदी केल्या. सरकारी माणसांनी डेन्झिललाच पहिल्यांदा बोलावलं आणि सहा तास बसवून ठेवलं. त्याने काही नाकारलं नाही. फॅनशॉंचा एक निरोप त्याने जपून ठेवला होता, 'नेहमीसारखा पाऊस' एवढाच. त्या निरोपाने चाक फिरलं. डेन्झिलला ताकीद देऊन सोडलं. कंपनीला दंड झाला. पुढच्या वर्षी आमची बिलं वाढली. फॅनशॉ दुसऱ्या पाणी कंपनीत वरच्या जागेवर गेले. चार फंडांनी मात्र कंपनी पाचव्याला विकली, नफ्यात. व्हॅन आता हिरव्या आहेत.

तिसरा पंप बसला, हे खरं. समुद्र थोडा बरा झाला, हेही खरं. पण लव्हडेला आता लाटांत उभं राहता येत नाही.

सभेनंतरच्या नोव्हेंबरात तिने स्वतःच भावाला फोन केला. "गाडी चालू आहे का तुझी?" एवढंच विचारलं. तेव्हापासून मंगळवारी आणि शुक्रवारी तो तिला चाळीस मिनिटांवरच्या नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावावर नेतो. परवा मीही गेले होते. छप्पर बुटकं, क्लोरीनने डोळे चुरचुरत होते. ती पाण्यात कठड्याला धरून हळूहळू जात होती. डेन्झिल बाकावर तिचा टॉवेल मांडीवर घेऊन बसला होता.

दुसऱ्या टोकाला पोचल्यावर ती ओरडली, "हे पाणी आहे की धुलाईची पावडर? श्शी!"

"बाहेर येतेस का मग?" त्याने विचारलं.

"गप्प बस," ती म्हणाली, आणि वळून परत निघाली.