तारागोनाहून आणलेला दगड

नोकरीतल्या बऱ्याच केसेस मी विसरलो. ही एक विसरायची फार खटपट केली, जमलं नाही.

साल २००६ असावं. अमेरिकेत, एडिसनजवळच्या एका टाउनशिपच्या पोलीस खात्यात मी डिटेक्टिव्ह होतो. आमच्या मराठी मित्रमंडळीत सगळे सॉफ्टवेअरवाले, पोलिसातला मी एकटा. एके सकाळी निनावी टीप आली. फोन डेस्कवरच्या शिपायाने घेतला होता, मला फक्त मजकूर मिळाला. एका भारतीय कुटुंबाने स्पेनमधल्या रोमन अवशेषांतून दगड चोरून आणलाय. काळा, चौकोनी, एका बाजूला चुना लागलेला.

सार्जंट म्हणाला, "तुझेच लोक दिसतात. विचारून बघ. काही निघालं तर कस्टम्सकडे पाठव."

पत्ता ओळखीचा होता. आदल्याच शनिवारी आम्ही तिथे जेवून आलो होतो. जेवण झाल्यावर मित्राने टीव्हीवर तारागोनाचे फोटो लावले. भूमध्य समुद्राकाठचं जुनं शहर. रोमनांचं दगडी अँफिथिएटर, पायऱ्या संपतात तिथे निळाशार समुद्र.

"हवालदारसाहेब, जाऊन या एकदा," मित्र म्हणाला. "की ओव्हरटाइम सोडवत नाही?"

सगळे हसले, मीही हसलो. माझी बायको हसली नाही. तिच्यासाठी युरोपचं बुकिंग मी दोनदा केलं होतं आणि दोनदा कॅन्सल केलं होतं.

ओळखीच्या माणसाची चौकशी आपण करायची नसते. मी ती सोडली नाही. त्याच्या घरी चहा घेता घेता विचारता आलं असतं, पण स्टेशनवर बोलावलं. त्याचं ग्रीन कार्ड शेवटच्या टप्प्यात होतं. कस्टम्सकडे कागद गेला असता तर ते लटकलं असतं. हे त्याला ठाऊक होतं आणि मलाही.

"कसला दगड, यार? मी साधं फ्रिज मॅग्नेट आणलं नाही."

मी एक प्रश्न टाकून गप्प बसायचो. माझा अनुभव असा, की ज्याला लपवायचं असतं तो अशा वेळी कमी बोलतो. हा बोलतच सुटला. हॉटेल, विमान, मुलीची पोटदुखी, सगळं सांगितलं. याला काही माहीत नाही हे मला लवकरच कळलं. तरी सोडलं नाही. त्याच्या शर्टाची कॉलर घामाने भिजली होती, ती बघायला बरं वाटत होतं.

शेवटी त्याची बायको एक खोका घेऊन आली.

"भावजी, हाच ना तो दगड?"

म्युझियमच्या दुकानातला मुलांचा मोझॅकचा खेळ होता. आत तसलेच काळे-पांढरे चौकोन, काहींना प्लास्टर चिकटलेलं.

"मीच शायनिंग मारली," ती म्हणाली. "ओरिजिनल रोमन आहे, गुपचूप उचलला म्हणाले. ह्यांना पत्ताच नाही."

"कुणाला म्हणालात?"

"किचनमध्ये. माझी आई होती, आणि वहिनी." ती माझ्याकडे बघत राहिली. मग खाली बघून म्हणाली, "आईच कुणाकडे तरी बोलली असेल."

"असेल," मी म्हणालो.

"आई पण ना," मित्राने कपाळाला हात लावला. "पार्कमधल्या सगळ्या आज्यांना सांगत बसते." जाताना त्याने माझा हात धरला. "बरं झालं, तुम्ही होतात. दुसरा कुणी असता तर मेलोच होतो."

कस्टम्सकडे काही गेलं नाही. त्याच्या सासूबाई मात्र ठरल्या तारखेच्या आधीच नागपूरला परतल्या. जावई बोलला म्हणे.

घरी मी बायकोला काही विचारलं नाही. दोन वर्षांनी आम्ही तारागोनाला गेलो. त्याच पायऱ्यांवर बसलो होतो. समुद्राकडे बघत ती म्हणाली, "फोन मी केला होता. तुम्हाला कळलं होतं ना?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर त्याला मी इतका वेळ का बसवून ठेवलं, तेही सांगावं लागलं असतं."

तिने मान हलवली. तिथलं ऊन फार होतं, आम्ही लवकर उठलो.

पोलिसाला दुसऱ्याचा हेतू शोधायला शिकवतात. मत्सर मी अनेकांच्या चेहऱ्यावर ओळखला. चौकशीच्या त्या खोलीत तो टेबलाच्या माझ्या बाजूला होता.

बायकोला विचारूनच हे लिहितो आहे. नावं गाळली आहेत, तरी ते दोघे ओळखतील. ओळखावं. त्या सासूबाईंनी कुणालाही काही सांगितलं नव्हतं.