बिनसोंडेचा हत्ती

राजवाड्याच्या बागेत मेंदीची झुडपं कातरून हत्ती-मोर घडवणारे एक माळी आहेत. सगळे त्यांना सोंडमामा म्हणतात. पंचवीस वर्षांपूर्वी ते हत्ती कातरत होते, तेवढ्यात निरोप आला, मुलगी झाली. झालं! आनंदाच्या भरात कात्री चालली ती थेट सोंडेवर. जून फांदी ती, पुन्हा फुटलीच नाही. साहेबांनी चांगली खरडपट्टी काढली, पण मामांना त्याचं काय! ही गोष्ट सांगून सांगून त्यांनी लेकीचे कान किटवले होते.

त्याच लेकीचं आता लग्न ठरत होतं. बाबा राजवाड्यात अधिकारी आहेत, असं तिने सासरच्यांना सांगून ठेवलं होतं. बायकोने ते हळूच कानावर घातलं, तेव्हा मामा हसले. "खोटं काय त्यात? माझ्या हाताखाली अडीचशे झाडं आहेत." पाहुणे सोमवारी घरी येणार होते, म्हणून मामांनी रविवारची सुट्टी बदलून सोमवारची घेतली. आणि नेमकी तिथेच माशी शिंकली.

पाहुणे एक दिवस आधीच आले. सुट्टी बदलल्याचं लेकीला ठाऊक नव्हतं; रविवारी बाबा घरी असतात, या हिशेबाने ती त्यांना परस्पर राजवाडा दाखवायला घेऊन आली. मामा हत्तीच्या पायाशी बसले होते, अनवाणी, गुडघ्यापर्यंत माती. तिने पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला. विचारल्याशिवाय पाहुण्यांशी बोलायचं नाही, असा माळ्यांना नियम आहे. मामा खाली बघून माती उकरत राहिले.

होणाऱ्या सासूबाई मात्र जवळ आल्या. "अहो, याला सोंड का नाही?"

"माळ्याची चूक झाली, बाई."

मामांनी लेकीकडे पाहिलं. आता बोलेल, असं त्यांना फार वाटलं.

"चला ना, आतला दरबार बंद होईल," ती म्हणाली. मग वळून, "थँक यू, काका."

सख्ख्या बापाला काका! राग तरी कुणावर काढायचा? अंगाखांद्यावर वाढवलेली पोर. मामा अवजारांच्या खोलीत गेले आणि एकटेच भडभडून रडले. डोळे पुसून त्यांनी घरी फोन लावला.

"उद्या मी घरी नाही. मला कामाला परगावी पाठवलंय, असं सांग पाहुण्यांना."

"वेड लागलंय का तुम्हाला?" बायको म्हणाली. "लेकीला काय सांगू मी?"

"तिला काही सांगावं लागणार नाही."

फोन ठेवून मामा तसेच बसून राहिले. उद्याचं भागलं होतं. लग्नाच्या दिवशी कुठे जायचं, ते मात्र त्यांना काही केल्या सुचेना.