खांद्याचे वजन, काट्याचे वजन

मानसिंग फडतरे वाशीच्या घाऊक बाजारात एकोणीस वर्षे गोण्या वाहत आहेत. मूळचे सातारा जिल्ह्यातले. राहतात घणसोली गावात, भाड्याच्या खोलीत. खांद्यावर आलेल्या गोणीचे वजन ते चालता चालता सांगतात, आणि बाजारात त्यांच्या शब्दानंतर सहसा कोणी काट्याकडे पाहत नाही. हा लौकिक त्यांनी आपल्या आठवीतल्या मुलीला, तेजश्रीला, तपासायला दिला. तिच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाचा मी परीक्षक होतो. पुढील हकिकत काही पाहिलेली, काही फडतऱ्यांनी सांगितलेली आहे.

सुरुवात जेवताना झाली. "आज एक गोणी बरोबर बावन्न भरली," असे ते म्हणाले. तेजश्रीने विचारले, "आप्पा, काट्यावर बघितली का?"

जेवायला आलेले त्यांचे सहकारी रणजीत हसले. "घ्या, दादा. पोरगी बापाचीच झडती घ्यायला लागली."

"घेऊ दे की," फडतरे म्हणाले. "तेजू, दिवाळीच्या सुट्टीत चल बाजारात. मी आकडा सांगंन, तू लिवायचा. मग काटा बघायचा. पर काटा काय म्हणतोय ते मला सांगायचं न्हाई. न्हाईतर मी सावरून बोलंन."

ही शेवटची अट तेहतीस वर्षांच्या अध्यापनात मला एकाही पालकाकडून ऐकायला मिळाली नव्हती.

बारा दिवसांत दोनशे सहा गोण्या झाल्या. वहीत तीन रकाने: वेळ, खांद्याचे वजन, काट्याचे वजन. दुपारपर्यंत चूक एका किलोच्या आत. तीन वाजल्यानंतर मात्र दमलेला खांदा प्रत्येक गोणी तीन-चार किलो जड सांगे.

प्रदर्शनात तेजश्रीने हाच तक्ता भिंतीवर लावला. मुख्याध्यापिका तो पाहून थबकल्या. "बाळ, चालतं मॉडेल हवं असतं. आणि पाहुणे यायचेत. वडिलांच्या चुका अशा भिंतीवर बऱ्या दिसत नाहीत. काढून ठेव."

तिने वडिलांची वाट पाहीन असे सांगितले.

शेजारच्या टेबलावर दुकानातून आणलेला, बटण दाबताच उचलला जाणारा पूल होता. तो कसा उचलला जातो, असे मी तो मांडणाऱ्या अस्मिताला विचारले. उत्तर तिचे वडील सुधीर प्रधान यांनी दिले. तिने तारेकडे बोट नेले, तर ते म्हणाले, "हात नको लावूस, बिघडेल."

चारच्या सुमारास फडतरे कामावरून थेट आले. बाईंचे म्हणणे त्यांनी शांतपणे ऐकले. प्रधान समजुतीच्या सुरात म्हणाले, "फडतरे, पुढच्या वर्षी मला सांगा, एखादं मॉडेल आणून देईन. मुलांचं टेन्शन आपणच घ्यायचं असतं."

"तुमचा पूल झकास हाय, साहेब. पर त्यात तुमच्या लेकीनं काय केलं?" मग ते बाईंकडे वळले. "तक्ता निघणार न्हाई, बाई. चुका माझ्या हायत. मला त्यांची लाज न्हाई, मग शाळेला कशाला? मॉडेल पायजे ना? मी हाय."

समोरच्या किराणा दुकानातून त्यांनी काटा मागवला, आणि दुकानदाराने त्यांच्या नजरेआड भरलेली तांदळाची गोणी खांद्यावर घेऊन ते सभागृहभर चालले.

"त्रेपन्न."

काट्यावर एकोणपन्नास दिसले. लोक हसले. मागून कोणी म्हणाले, "दादा, खांदा गंडला की."

"गंडणारच. साडेचार वाजल्यात. माझ्या पोरीनं तेच लिवलंय, वाचा." त्यांनी घाम पुसला. "तेजू, लिव."

तेजश्रीने लिहिले. माझ्या गुणपत्रिकेत 'चालते मॉडेल' या ओळीत मी दहापैकी दहा गुण मांडले व खाली सही केली.

"सर, नियम..." बाई म्हणाल्या.

"मॉडेल कशाचे असावे, हे नियमांत लिहिलेले नाही. मी दोनदा वाचले आहेत."

तक्ता भिंतीवर राहिला. तेवढ्यात अस्मिता पूल सोडून तेजश्रीच्या टेबलापाशी आली. "काका, मी उचलून बघू?"

"अस्मिता, नको," प्रधान म्हणाले.

फडतऱ्यांनी गोणीतले निम्मे तांदूळ रिकाम्या पोत्यात काढले, त्याचे तोंड बांधले आणि ते पोते तिच्यापुढे ठेवले. "नुसतं जमिनीवरनं सुटंस्तवर उचल. मग आकडा सांग. चुकला तरी चालंल."

अस्मिता वडिलांकडे न पाहता वाकली. तेजश्रीने नव्या ओळीत वेळ लिहिली आणि पेन्सिल दुसऱ्या रकान्यावर टेकवून ती थांबली.