झोकांडीचं माप

बोलता बोलता ते एकदम उजवा हात आडवा पसरायचे. कँटीनच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर सत्यनारायणाच्या आरतीत. शेजारचा माणूस अंग चोरून बाजूला झाला की समाधानाने म्हणायचे, "आता कसं. एवढी जागा माणसाला लागतेच." आरतीच्या वेळी शेजारी यजमान होते आणि त्यांच्या हातात पेटलेलं तबक होतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

सातपूरच्या आमच्या कारखान्यात ते तपासणी खात्यात होते. नाव सांगत नाही. छापलेलं नाव त्यांनी आधी पट्टीने मोजून बघितलं असतं. आम्ही त्यांना गेजभाऊ म्हणायचो. गेज म्हणजे तपासणीचं ठरावीक माप. नग मापात बसला तर पास, नाही बसला तर निळी रेघ मारून रिजेक्ट. मधलं काही नाही. घरी वहिनींनी थापलेल्या भाकरीलाही ते माप लावतात असं लोक म्हणायचे. पण वहिनींना मी ओळखतो. असं झालं असेल तर एकदाच.

नव्वदीचे दिवस. त्यांची एकुलती एक मुलगी दहावी पास झाली. कॉलेज गंगापूर रोडला, आणि पोरीला जायचं होतं सायकलनेच. वहिनींनी साफ नकार दिला. "नाय म्हणजे नाय. ते टेम्पोवाले अंगाला घासून जात्यात. आधी रस्ता पास करून दाखवा, मग पोरगी पाठवा."

वहिनी बोलून गेल्या, पण तपासणी खात्याच्या माणसासमोर 'पास' हा शब्द जपून वापरावा. कॉलेज सुरू व्हायला महिना होता. गेजभाऊ त्याच दिवशी कामाला लागले.

पहिला प्रश्न असा की, सायकलवाल्यापासून गाडीने किती लांबून जावं? गेजभाऊंनी विचारलं, कुणालाच माहीत नव्हतं. मग एका सकाळी तिसरी पाळी सुटल्यावर त्यांनी आम्हा दहा जणांना आवारात थांबवलं. सायकलींच्या टायरना ओला चुना फासला. एकेकाने पन्नास पावलं सरळ सायकल चालवायची आणि मध्येच स्टोअरकीपरने मागून रिक्षाचा भोंगा वाजवायचा. मग गेजभाऊ जमिनीवर पालथे पडून चुन्याची रेघ किती वाकडी झाली ते मोजायचे.

बाकीचे वीतभर, फार तर दोन वीत हलले. मी रात्रभर लेथवर उभा होतो. माझी रेघ ताटात सांडलेल्या शेवयांसारखी आली.

"सव्वा तीन फूट," गेजभाऊ खालूनच म्हणाले. "तुमची झोकांडी एक नंबर आहे."

त्या कारखान्यात माझं झालेलं हे एकमेव कौतुक. मी म्हटलं, "गेजभाऊ, मला सोडून मोजा की. मी झोपेत होतो."

"रस्त्यावर झोपेतलीच माणसं असतात. तुम्ही वाचलात की सगळे वाचले."

म्हणजे नाशिकच्या रस्त्यावर सुरक्षित अंतर किती, तर माझ्या झोकांडीएवढं. मी ही गोष्ट सासुरवाडीला अजून कळू दिलेली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या कॅरिअरला आडवा बांबू आला, उजवीकडे बरोबर सव्वा तीन फूट बाहेर. टोकाला चिंधी, आणि चिंधीत त्यांच्या खात्यातला निळा रंग, जो बोटाला लागला की आठ दिवस जात नाही. जवळून जाईल त्या गाडीला आपोआप रेघ. रेघ लागली की गेजभाऊ मागून शांतपणे "रिजेक्ट" म्हणायचे. पहिल्या आठवड्यात रिक्षा, टेम्पो, वऱ्हाडाची एक जीप आणि एक म्हैस रिजेक्ट झाली. म्हशीचा त्यात काही दोष नव्हता.

एक रिक्षावाला रिक्षा आडवी घालून उतरला. "ओ काका, डोकं फिरलं का तुमचं? हा रंग काय तुम्ही पुसणार?"

"पुसू नका. उद्या लांबून जा, दुसरी लागणार नाही."

तो इतका गोंधळला की भांडण करायचंच विसरला.

मग एका सकाळी मोठ्या साहेबांची पांढरीशुभ्र गाडी डाव्या अंगाला निळी रेघ घेऊन गेटमधून आत आली. गेजभाऊंना बोलावणं आलं आणि पुरावा म्हणून ते मलाही घेऊन गेले. मला नोकरीची चिंता, त्यांना पोरीच्या कॉलेजची. आठच दिवस उरले होते.

"एवढी जागा कशाला लागते?" साहेब तापले होते. "माणसाला सरळ चालवता येत नाही?"

"साहेब, आपण एकदा चालवून बघा."

साहेब इरेला पेटले. पुन्हा चुना, पन्नास पावलं, भोंगा. साहेब सायकलसकट झेंडूच्या वाफ्यात गेले. अख्खी पाळी खिडक्यांना लटकून बघत होती, पण कुणी हसलं नाही. घरदार प्रत्येकालाच असतं.

गेजभाऊंनी वाकून रेघ बघितली. "साहेब, तुमचं माप धरत नाही. रस्ता पुरायचा नाही."

आधी साहेबच हसले, वाफ्यात बसूनच. दुसऱ्या दिवशी गेटवर सूचना लागली: कंपनीच्या बस आणि ट्रकवाल्यांनी सायकलपासून सव्वा तीन फूट लांबून जावं. बांबू मात्र आवारात आणायचा नाही.

शेवटची तपासणी वहिनींनी केली. गेजभाऊंच्या कॅरिअरवर बसून त्या गंगापूर रोडपर्यंत जाऊन आल्या. बांबू नव्हता, तरी त्यांची सायकल दिसली की रिक्षावाले लांबूनच वळसा घालत होते. घरी उतरून त्या म्हणाल्या, "जाऊ द्या पोरीला. पास." संध्याकाळी गेजभाऊंनी कारखान्यात पेढे वाटले. रस्ता पास झाल्याचे पेढे मी आयुष्यात तेवढेच खाल्ले.

मुलगी पाच वर्षं सायकलने गेली. पुढे नोकरी लागली आणि तिने छोटी लाल गाडी घेतली. वडिलांना दाखवायला आणली, तर हे माळ्यावरून बांबू काढून सायकलवर बसले. "आधी मला ओव्हरटेक कर." कोऱ्या गाडीच्या डाव्या दारावर हातभर निळी रेघ उमटली. "रिजेक्ट," गेजभाऊ म्हणाले. पोरगी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी येऊन पास झाली. रेघ मात्र तिने कधी पुसली नाही.

गेजभाऊ गेले ते घरात, दुपारी, पेपर वाचता वाचता. त्यांच्या दहाव्याला गंगेवरून, म्हणजे आमच्या गोदावरीवरून, परतताना मी पोरीच्या त्याच लाल गाडीत पुढे बसलो होतो, त्या रेघेच्याच दाराशी. पुढे एक म्हातारा फुलवाला सायकलवर पाटी बांधून माझ्यासारखाच झोकांड्या खात चालला होता. तिने हॉर्न वाजवला नाही. मागे थांबली, समोरचा रस्ता मोकळा होऊ दिला आणि मग लांबून पुढे गेली. मी नकळत डावा हात खिडकीबाहेर आडवा पसरला. बोटं त्याच्यापर्यंत पोचली नाहीत.

"काका, पास?" रस्त्यावरची नजर न काढता तिने विचारलं.

मला रडू आलं. हात आत घ्यायचंही सुचलं नाही. आम्ही डावीकडे वळणार असं समजून मागचे सगळे घरापर्यंत आमच्यापासून लांबून जात राहिले.