सोनपेठेतला दरफाळणीचा सण

सोनपेठहून मोटार सुटलीच नाही, तेव्हा किप्पूरच्या उपासाला घरी पोहोचण्याची आशा संपली. वाटेतले ओढे भरून वाहत होते. मराठवाडा नुकताच मुंबई राज्यात आला होता. ओढ्यांना मात्र ते कुणी कळवलेले दिसत नव्हते.

आम्ही कोकणातले बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू. किप्पूरला आम्ही दरफाळणीचा सण म्हणतो. दारे लावून, पांढरे कपडे घालून, पाण्याचा थेंबही न घेता प्रार्थना करायची, परक्याशी बोलायचे नाही. घरातली गेलेली माणसे आदल्या दिवशी घरी येतात आणि शिळ्या सणाला (दुसऱ्या दिवशी) परत जातात, अशी आमची समजूत. बाबांना जाऊन वर्षही झाले नव्हते. ते पहिल्यांदाच येणार, आणि मी विहिरींवर इंजिने बसवायच्या कामापायी इथे चिखलात अडकलेला.

कोंडामावशी या धनगर बाईंनी सुनेकडून झाडून घेऊन मेंढ्यांच्या वाड्याशेजारची खोली दिली. "मावशी, उद्या दिवे लागेपर्यंत मी काही खाणार नाही, बोलणार नाही. माझा सण आहे," मी सांगितले. त्यांनी मान हलवली. मला वाटले, समजले.

सकाळी दाराबाहेर आवाज आला. "पाव्हणं, च्या ठिवलाय." मग, "भाकर गरम हाय." दुपारी त्यांचा सूर उतरला. "सण आसल्यावर मान्सं खात्यात. तुमी रुसलाव. सुनंचं काई चुकलं आसल तर माफी करा, पर उपाशी नगा बसू."

माफी मागण्याचा दिवस माझा, आणि मागत होत्या त्या. दार उघडावेसे फार वाटले. उघडले नाही. पश्चिमेकडे तोंड करून पाठ होती तेवढी प्रार्थना म्हणालो. पुढचे शब्द बाबा सांगायचे. तिथे अडलो आणि लहान मुलासारखा रडलो.

दिवे लागल्यावर दार उघडले. मावशी उंबऱ्याशीच होत्या. सकाळपासून त्याही जेवल्या नव्हत्या.

"पाव्हना उपाशी आसल्यावर आमाला घास कसा जायाचा?" त्या म्हणाल्या. मी त्यांची माफी मागितली आणि आम्ही पिठलं-भाकरी खाल्ली.

घरी पोहोचलो तेव्हा शिळा सणही होऊन गेला होता. आई म्हणाली, "ताट वाढून ठेवलं होतं रे, पण यंदा बाबा आले असं वाटलंच नाही. तुझ्याकडेच गेले असतील."

गेले असतील, तर माझे दार बंद होते. पण उंबऱ्याशी मावशी होत्या. त्यांनी बाबांना घोंगडीवर बसवले असेल आणि आत कोण रुसून बसलंय, ते हळू आवाजात सांगितले असेल.