सुरुंगाच्या वेळचं हळदीकुंकू

ज्या खाणीविरुद्ध मी म्हातारपणी हरकत घेतली, तिथलीच खडी मिळावी म्हणून तरुणपणी मी मोर्चा काढला होता. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर आमच्या सोसायटीतलं कुणीतरी सांगेलच आणि मीठमसाला लावून सांगेल. मीठमसाला लावायचाच तर तो मीच लावीन.

गिरगावातली दीड खोली सोडून आम्ही मीरा रोडला आलो तेव्हा घोडबंदरच्या बाजूला आमची बिल्डिंग एकटीच उभी होती. समोर डोंगर. बिल्डर म्हणाला, "ताई, हिल व्ह्यू आहे." झालं, त्या दोन शब्दांवर मी भाळले. चाळीत खिडकीतून समोरच्यांची वाळत घातलेली चादर दिसायची, इथे डोंगर दिसणार! ह्यांनी विचारलं, "पुढे बिल्डिंगा झाल्या तर?" मी ठसक्यात म्हणाले, "झाल्या तर होऊ देत. डोंगर कुठे जातोय?"

डोंगर डंपरमधून जातो. रोज जातो. पण तेव्हाच्या त्या बाईला, म्हणजे मला, हे कोण सांगणार? तिला सगळंच माहीत होतं.

दुसऱ्याच दिवशी दुपारी भोंगा वाजला. युद्धाच्या वर्षी गिरगावात भोंगा वाजला की आम्ही दिवे घालवून बसायचो. ते डोक्यात पक्कं. मी दोन्ही मुलांना टेबलाखाली कोंबलं, खिडक्या लावल्या आणि रेडिओ लावून बसले. धाडकन आवाज झाला, कपबश्या हलल्या. मी देवाचं नाव घेतलं. इतक्यात दूधवाला आला आणि दारातून म्हणाला, "भाभी, खदान है. रोज का है." संध्याकाळी हे घरी आले, मुलांनी सगळं सांगितलं. बूट काढता काढता हे म्हणाले, "मग? कोण जिंकलं?"

पावसाळ्यात आमच्या बिल्डिंगपुढे रस्ता नव्हताच, नुसता चिखल. मुलं शाळेत जाताना बूट हातात घेऊन जायची. तेव्हा मी बायकांना गोळा केलं आणि घोषणा रचली: "खडी द्या, नाहीतर होडी द्या!" मला वाटलं, मराठी कविता आता माझीच वाट बघतेय. दोन दिवस आरशासमोर मूठ उगारून सराव केला. मोर्चाला नवी कोरी साडी नेसले. पालिकेच्या ऑफिसच्या फाटकाशीच माझी एक चप्पल चिखलात गेली, ती काही परत मिळाली नाही. निवेदन एका पायात चप्पल घालून दिलं.

थोड्याच दिवसांत खडी पडली. ती कुठून आली हे मी विचारलं नाही. समोरच्या डोंगराचा एक कोपरा कुणी चावा घेतल्यासारखा दिसायला लागला होता. मी म्हटलं, ऊन-सावलीमुळे तसं वाटत असेल.

आता अलीकडचं. त्याच डोंगराच्या पायथ्याशी एका पत्र्याच्या शेडमध्ये बालवाडी भरते. रत्नागिरी-रायगडातून आलेल्या बायका शांती नगर आणि सिल्व्हर पार्कमध्ये घरकामाला जातात, त्यांची पोरं सकाळी तिथे असतात. बालवाडीच्या बाई तरुण आहेत, महाडकडच्या. मी तिथे गोष्टी सांगायला जाते. खरं म्हणजे खाऊच्या सुट्टीच्या बेताने जाते आणि मग गोष्ट सांगणं आलंच.

गेल्या वर्षी वॉर्ड ऑफिसबाहेर लागलेल्या नोटिशीवरून कळलं की खाणीची परवानगी संपत आलीये आणि मालकाने वाढीव जागेसाठी अर्ज केलाय. वाढीव जागा म्हणजे बालवाडीच्या बाजूचा डोंगर. तिथे सुरुंग लागायला लागले की शेड धोक्याच्या हद्दीत येणार, म्हणजे बालवाडी बंद. एक आई मला म्हणाली, "आजी, बालवाडी गेली तर माझी चार घरं गेली. पोरीला काखेत घेऊन कोण भांडी घासू देतंय?"

सरकारी माणसं जागा बघायलाही येऊन गेली होती. पण आली ती नेमकी सुट्टीच्या दिवशी. शेडला कुलूप. खाणीत पाणी मारून धूळ बसवलेली, भोंगा नाही, सुरुंग नाही. एरवी दिवसातून दोनदा, सकाळी बालवाडीच्या वेळेला आणि संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी, आमच्या खिडक्या थरथरतात. त्या दिवशी खाण अशी गप्प, जणू बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर बसलीये.

तेव्हा माझ्या डोक्यात किडा वळवळला.

दुसऱ्या मजल्यावरच्या माझ्या मैत्रिणीच्या मुलाचं नुकतंच लग्न झालं होतं. सून खाणींना परवानग्या देणाऱ्या खात्यात अधिकारी. जागा बघायला आलेल्यांत ती होती आणि हरकतींची सुनावणीही तीच घेणार होती. सुनेची पहिली संक्रांत, म्हणजे काळी साडी, हलव्याचे दागिने, हळदीकुंकू. मी मैत्रिणीला म्हटलं, "तुझा हॉल केवढासा! माझ्याकडे कर. डोंगर समोर आहे, फोटो छान येतील."

"अगं, पण तुला त्रास कशाला?"

"त्रास कसला? माझीही सूनच आहे ती."

"आणि साडेपाचच का? बायका सातला येतात."

"उजेड चांगला असतो," मी म्हणाले. साडेपाचला काय असतं ते तुम्हाला कळलंच असेल.

बायका आल्या. बालवाडीच्या बाईंनाही मी बोलावलं होतं. नवी सून मधोमध बसली, डोक्यावर हलव्याचा मुकुट, गळ्यात हलव्याचा हार, दंडाला बाजूबंद. गोड दिसत होती. मी तिला कुंकू लावलं, हातावर तिळगूळ ठेवला, वाण म्हणून चहाची गाळणी दिली. भोंगा वाजला. मी मुद्दाम मोठ्याने अत्तरदाणीबद्दल बोलत राहिले. मग धाडकन! तिळगुळाचं ताट टेबलावर सरकलं, समईची ज्योत हलली आणि सुनेच्या मुकुटातून दोन-तीन दाणे टपटप तिच्या मांडीवर पडले.

बाकीच्या बायकांचं लक्षही नव्हतं, आम्हाला सवय. सून मात्र ताठ झाली. "हे काय होतं?"

"खाण," मी निरागस चेहऱ्याने म्हणाले. "आमच्यापेक्षा बालवाडीला जास्त बसतं. ह्या तिथल्या बाई."

"कुठली बालवाडी?"

"पायथ्याशी ती पत्र्याची शेड आहे ना, ती," बाई म्हणाल्या.

"ते गोदाम आहे. नकाशावर तसंच आहे."

"गोदामच म्हणा," बाई म्हणाल्या. "चाळीस पोरांचं."

मला वाटलं, जिंकले! आता ही उठेल, फोन लावेल. सून उठली खरी, पण मला बाल्कनीत घेऊन गेली आणि मुकुट काढून हातात धरला.

"मावशी, तुम्ही हरकत घेणार आहात?"

"घेणार म्हणजे काय, पहिली माझी!"

"मग तुम्ही मला सुनावणीतून बाद केलंत. हरकत घेणाऱ्यांच्या घरी मी पाहुणी म्हणून बसले, वाण घेतलं. उद्या निर्णय तुमच्या बाजूने लागला तरी खाणवाले म्हणतील, गाळणी देऊन घेतला. मला आता हे वर कळवावं लागेल."

"अगं, पण तू डोळ्यांनी बघितलंस ना!"

"मी हळदीकुंकवाला बघितलं. कामावर असताना नाही."

"मग आता?"

"आता दुसरे साहेब येतील. ते फार कडक आहेत." तिने मुकुट कठड्यावर ठेवला. "हरकत कशी लिहायची हे मी तुम्हाला सांगणार नाही. नोटिशीखाली छापलंय, ते नीट वाचा."

पाहुण्या गेल्यावर मी चष्मा लावून बाईंनी मोबाइलवर काढलेला नोटिशीचा फोटो वाचला. खाली स्वच्छ लिहिलं होतं: जवळपासची घरं, शाळा, पाण्याच्या जागा नकाशात राहून गेल्या असतील तर लेखी कळवा, प्रत्यक्ष पाहणीची मागणी करा. एवढंच! एका साध्या अर्जाचं काम. त्यासाठी मी एका सरकारी अधिकाऱ्याला हलव्याने मढवून सुरुंगासमोर बसवलं होतं. तरुणपणी निदान चप्पलच गेली होती.

अर्ज बाईंनी लिहिला. मी फक्त सही केली, मला जास्त काही करू द्यायचं नाही असं सगळ्यांचं ठरलं होतं.

सुनावणी वॉर्ड ऑफिसच्या हॉलमध्ये झाली. नवे साहेब खरंच कडक. बसल्या बसल्या त्यांनी एक पाकीट उघडलं, आतून माझी गाळणी काढून टेबलावर ठेवली आणि आधीच्या अधिकाऱ्यांनी ही वस्तू परत करून या प्रकरणातून बाजूला होण्याची विनंती केली आहे, असं वाचून दाखवलं. "ही कोणाची?"

हॉलमध्ये खसखस पिकली. मी उभी राहिले. "माझी."

"घेऊन जा."

गाळणी हातात घेऊन मी बसायला वळले तोच पलीकडून आवाज आला, "काकी, तुमी खडी-होडीवाल्या ना?" खाणमालक. इथल्या जुन्या गावातला, साठीचा, पांढरीशुभ्र पँट. "मी तवा बापासंगती डंपरवर बसलेलो. तुमी वरडत व्हत्या, खडी द्या. आमी दिली. आता खडी नको म्हनता?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. खोटं काय बोलणार? म्हटलं, "मीच ती. माझी बिल्डिंगही तुमच्याच खडीवर उभी आहे. मी खाण बंद करा म्हणत नाहीये. पोरांच्या अंगावर येऊ नका, एवढंच म्हणतेय."

"माझ्याकडं पन मानसं हायेत, काकी. त्यांची पन पोरां हायेत."

"मग त्यांना बालवाडीत पाठवा की! जागा आहे."

साहेबांनी पेन आपटलं. "नकाशावर बालवाडी नाही. मी उद्या सकाळी येऊन बघतो."

साहेब खाणमालकासमोरच बोलले म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी खाण पुन्हा गप्प. भोंगा नाही, सुरुंग नाही, रस्त्यावर पाणी मारलेलं. साहेब आले आणि छोट्या खुर्चीवर बसायला गेले, ती कुरकुरली म्हणून उभेच राहिले. पोरं गाणं म्हणत होती. धूळ नाही, आवाज नाही. साहेब घड्याळ बघायला लागले. मी कोपऱ्यात हात चोळत होते. शपथ सांगते, या वेळी मी काहीच रचलेलं नव्हतं.

बाहेर अरुंद रस्त्यात एक रिक्षा आडवी आली. साहेबांच्या ड्रायव्हरने हॉर्न दाबला तो दाबूनच धरला.

गाणं अर्ध्यावर तुटलं. कुणी काही सांगितलं नाही. चाळीसच्या चाळीस पोरं, तीन-चार वर्षांची, बाकांखाली शिरली. कानांत बोटं, तोंड उघडं. एकीने आपल्याबरोबर बाहुलीलाही आत ओढलं आणि तिच्या कानांवर हात ठेवले. कोणी रडत नव्हतं. सगळी फक्त आवाजाची वाट बघत होती.

हॉर्न थांबला. आवाज आला नाही. एक मुलगा बाकाखालून म्हणाला, "बाई, आज फुटला नाय."

साहेब वाकून बाकांखाली बघायला लागले. मग बाईंना म्हणाले, "हे तुम्ही शिकवलंत?"

"नाही सर. ती आपोआप शिकली."

त्यांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला आणि सोबतच्या कारकुनाला म्हणाले, "टेप आणा. इथून मोजायचं."

निर्णय आला तेव्हा बाईंनी तो वर्गातच मोठ्याने वाचला, पोरांना काही कळत नव्हतं तरी. बालवाडीच्या बाजूची वाढीव जागा नामंजूर. डोंगराच्या मागच्या अंगाने काम करायला परवानगी, पण सुरुंग बालवाडी सुटल्यावरच. खडी फोडणाऱ्या क्रशरला जाळी आणि पाण्याचे फवारे. शहराच्या आराखड्यात शेडच्या जागी 'बालवाडी' असं लिहायचं. भांडी घासणारी ती आई दारात उभी होती. तिने विचारलं, "म्हणजे राहिली ना?" राहिली म्हटल्यावर ती तशीच कामावर पळाली, तिला उशीर होत होता.

मधून मधून खाण नियम मोडते. सकाळीच सुरुंग लावते. मग बाई फोन करतात आणि कोणीतरी येतं. आधी कोणी येत नव्हतं. खाणमालकाने आपल्या कामगारांची तीन पोरं बालवाडीत पाठवली आहेत. त्यातलं एक फार चावरं आहे.

गेल्या महिन्यात मोजणीवाले आले आणि खाण जिथे थांबली पाहिजे तिथे हद्दीचे दगड पुरून गेले. चांगले गुडघाभर उंच, वर पिवळा रंग. रंग वाळायच्या आत पोरांनी त्यांचा ताबा घेतला. डोंगर का पाणी सुरू झालं. ज्याच्यावर राज्य होतं त्याने डोंगर मागितला, म्हणून बाकीची सगळी खाली पाण्यात. तरी मधेच दगडावर उडी मारून "तुझ्या डोंगरावर नाचते, तुझ्या डोंगरावर नाचते!" म्हणून त्याला चिडवत होती. एकीच्या फ्रॉकला मागून पिवळा ठसा.

मोजणीवाला धावत आला. "अहो बाई, उतरवा त्यांना! सरकारी दगड आहे तो!"

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी पदर खोचून उभी होते, कारण पुढचं राज्य माझ्यावर येणार होतं.

"थांबा हो दोन मिनिटं," मी त्याला म्हणाले, "डाव चाललाय."