देवळ्याची गाडी आणि मागची सहा फूट जागा

मी गाडी उत्तम चालवतो. अडचण एवढीच की ती जागची हलत नाही.

बेडरूममधल्या टेबलाला आवळून बसवलेलं स्टिअरिंग, खाली तीन पेडल, समोर स्क्रीन. तिथे मी पावसात, धुक्यात, डोंगराच्या कडेने ताशी दोनशेच्या वेगाने जातो आणि चहा गार व्हायच्या आत पहिला येतो. माझी बायको शीतल या सगळ्या यंत्रणेला ‘शिलाई मशीन’ म्हणते. पाय हलतात, आवाज येतो, पण एक ब्लाऊज शिवून होत नाही, असं तिचं म्हणणं. गेल्या दसऱ्याला तिने इमानेइतबारे या मशीनलाही झेंडूची माळ घातली, हळदकुंकू वाहिलं. अक्षता ब्रेकच्या पेडलमध्ये अडकल्या. दिवाळीपर्यंत मी ब्रेकशिवायच शर्यती खेळलो आणि खरं सांगायचं तर क्रमांकात काही फरक पडला नाही.

आमची खरी गाडी शीतल चालवते. मी शेजारी बसून सल्ले देतो, ती काच खाली करून वाऱ्याचा आवाज वाढवते.

अशा माणसावर फेब्रुवारीतल्या एका शनिवारी कामगिरी आली: देवळ्याला जायचं आणि अण्णांची गाडी घेऊन यायची. अण्णा म्हणजे माझे वडील. ओझरच्या विमान कारखान्यात फिटर म्हणून सगळी नोकरी केली, निवृत्त झाल्यावर आईला घेऊन गावी देवळ्याला गेले. वय शहात्तर. दारात अठरा वर्षं जुनी पांढरी गाडी, जिचा एक नटसुद्धा त्यांनी कुणाला फिरवू दिलेला नाही. आणि डोळ्यांत काचबिंदू. समोरचं दिसतं, कडेचं दिसत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. गाडी बंद करा, असंही सांगितलं होतं. अण्णांना पहिलं वाक्य नीट ऐकू आलं होतं.

आईचा फोन दुपारी आला, अण्णा झोपलेले असताना, कुजबुजत. “अरे, गाडी बाहेर काढायची तर मला मागं उभं करत्यात. ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणायला लावत्यात. मला गुडघ्यानं उभं ऱ्हावत नाय अन् त्यांना दिसत नाय. परवा एकटेच घाटातून चांदवडला जाऊन आले. मी देवापुढनं उठले नाय तोवर. तू घेऊन जा ती गाडी. पण मी सांगितलं म्हणू नको.”

म्हणजे वडिलांच्या हातातून किल्ली काढून घ्यायची, आणि तेही त्यांना न दुखवता. शीतलने सोपा उपाय सुचवला, “सरळ सांग.” मला सरळ सांगता येत असतं तर मी शर्यतीचे खेळ खेळत बसलो असतो का? मी थाप ठरवली: आमची गाडी गॅरेजला आहे, चार दिवस तुमची द्या.

मी आणि माझी अकरा वर्षांची मुलगी मुक्ता सकाळी नाशिक रोडहून नवीन सीबीएस बसस्थानकावर गेलो. तुम्हाला जायचं असेल तर सटाण्याची बस धरा, ती देवळ्यावरून जाते. अडीच तास धरून चाला. बसायचं डाव्या खिडकीशी, कारण वडाळीभोईच्या पुढे त्या बाजूला धोडपचा किल्ला दिसतो. मला तो दिसला नाही. मी ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर बसून त्याचे गिअर मोजत होतो.

“बाबा, पाय हलवू नको ना,” मुक्ता हळूच म्हणाली. “लोक बघतायत.”

मी खाली पाहिलं. माझा उजवा पाय खरंच ब्रेक दाबत होता. कंडक्टर हाफ तिकीट फाडता फाडता थांबला. “दाबा सायेब, दाबा. आमच्या ड्रायव्हरला तेवढाच आराम.”

पिंपळगावला द्राक्षं घेतली आणि सोग्रस फाट्याला हायवे सोडला. तिथून भावडबारीच्या छोट्या घाटापर्यंत रस्ता चांगला आहे, पण नुकत्या निघालेल्या रांगड्या कांद्याचे ट्रॅक्टर लागले की त्यांच्या मागून मुकाट्याने जायचं. खेळात मी अशा वेळी डावीकडून गवतातून घुसतो. खऱ्या घाटात डावीकडे गवत नसून दरी असते, ही माहिती मला त्या दिवशी बसच्या खिडकीतून मिळाली.

देवळ्याला आईने शेवभाजी आणि बाजरीची भाकरी केली होती. जेवताना मी थाप सोडली.

“काय झालं गाडीला?” अण्णांनी विचारलं.

इथे थांबायला हवं होतं. पण मोटारींचा जाणकार म्हणून माझी एक प्रतिमा आहे, निदान माझ्या मनात. मी म्हणालो, “टर्बोचं प्रेशर बनत नाहीये.”

अण्णांनी भाकरीचा तुकडा भाजीत बुडवला, सावकाश खाल्ला. “हां,” म्हणाले. “टर्बो म्हणजे लय काम.” मग हात धुतले, पुसले आणि म्हणाले, “घेऊन जा. पण शेडमधनं मी काढून देतो. तुला जमायचं नाय.”

अण्णांची गाडी घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये नाक आत घालून उभी असते. मागे बोळ, आणि बोळाच्या पलीकडे पोपटतात्यांच्या कंपाउंडची भिंत. म्हणजे उलटं येत येत भिंतीपर्यंत यायचं आणि मग वळवायचं. हे काम मला नवीन नव्हतं. मी मुक्ताएवढा होतो तेव्हा ओझरच्या कॉलनीत अण्णांच्या आधीच्या गाडीमागे उभं राहण्याची नोकरी माझीच होती. त्याचे नियम होते. ‘थांबा’ म्हणायचं नाही, ‘डावीकडे’, ‘उजवीकडे’ म्हणायचं नाही. ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणत राहायचं आणि वेळ आली की ‘बस्स!’ एक ‘बस’ चुकला की त्या दिवशी अण्णा बोलायचे नाहीत.

तेव्हा मी मागे उभा राहिलो, मुक्ता शेडच्या दाराशी. “येऊ द्या!” मी म्हणालो. गाडी हलली. “येऊ द्या, येऊ द्या…” इंजिनाचा आवाज इतका साफ होता की माझ्या थापेची मलाच लाज वाटली.

गाडी शेडबाहेर आली आणि पलीकडच्या ओट्यावर पोपटतात्या प्रकटले. तात्यांना ऐकू कमी येतं, म्हणून ते समोरच्यालाही बहिरा समजून बोलतात.

“कव्हय उना रे भाऊ?” त्यांनी अहिराणीत विचारलं. कधी आलास?

“आत्ताच!” मी ओरडलो.

“काय?” त्यांनी हाताने स्टिअरिंग फिरवून दाखवलं. कशावर आलास?

“बस!” मी जीव तोडून ओरडलो. “बस!”

गाडी जागच्या जागी थांबली. हँडब्रेक ओढल्याचा आवाज आला. अण्णा उतरले आणि गाडीच्या अंगावरून हात फिरवत मागे आले.

“भिताडाला लागली नाय ना?”

भिंत कुठल्या कुठे होती. अण्णांनी मान वळवून समोर नीट पाहिलं, मग फिटरच्या सवयीने डिकीपासून भिंतीपर्यंत पावलं टाकली.

“सहा फूट,” ते म्हणाले. “सहा फूट जागा हाय की रे.”

“आजोबा, बाबा एसटीबद्दल सांगत होता,” मुक्ता म्हणाली. तिला वाटलं, भांडण होईल.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की गाडीचा डावा आरसा मिटलेला होता. त्यावर धूळ होती, म्हणजे तो आजचा मिटवलेला नव्हता. अण्णांनी मागे पाहिलंच नव्हतं. भिंत आली असं मी सांगितलं आणि त्यांच्यासाठी भिंत आली. चांदवडच्या रस्त्यावर ते एकटे कुणाच्या ‘येऊ द्या’वर गेले असतील?

“अण्णा,” मी म्हणालो, “आमची गाडी गॅरेजला नाहीये.”

“ठाऊक हाय. तुझ्या गाडीला टर्बो नाय.”

“मग हो का म्हणालात?”

अण्णा गाडीला टेकले. “तुला सांगता येत नव्हतं अन् मला सोडता येत नव्हती. म्हटलं, गॅरेजचं निमित्त दोघांना पुरंल.” मग त्यांनी शर्टाच्या खिशातून रुमाल काढून किल्ली पुसली, जशी रोज पुसतात तशी, आणि माझ्या हातावर ठेवली. “बस्स,” म्हणाले. “आता तू काढ.”

मला रडू येत होतं. त्याहून वाईट म्हणजे मला सुटल्यासारखंही वाटत होतं, आणि त्याची लाज वाटत होती. पोपटतात्या ओट्यावरून अजून विचारत होते, “काय म्हनस?”

मी अण्णा-आईंनाही चार दिवस चला म्हणालो. आई पिशवी घेऊनच बाहेर आली, यावरून काय ते समजा.

परतीच्या प्रवासाबद्दल कमी बोललेलं बरं. शिलाई मशीनचं तिसरं पेडल, म्हणजे क्लच, मी आजवर शोभेलाच ठेवलं होतं. खेळात गिअर आपोआप पडतात. भावडबारीत गाडी तीनदा बंद पडली. मागून कांद्याच्या ट्रॅक्टरने हॉर्न दिला, मग ओव्हरटेक केलं. हो, ट्रॅक्टरने. ट्रॉलीसकट. वरच्या पोत्यांवर बसलेला माणूस आमच्याकडे बघून हात हलवत गेला.

अण्णा डाव्या सीटवर डोळे मिटून बसले होते. मला वाटलं, बघवत नसावं. पण ते ऐकत होते.

“दुसऱ्यात घे,” ते म्हणाले. “रडतीय ती.”

मी घेतला.

“आता सोड. सावकाश. पाय नको बघू, आवाज बघ.”

शेवटच्या वळणाला माझा पाय पहिल्यांदा नीट सुटला आणि गाडी हूं करून वर चढली. मागून मुक्ताने टाळ्या वाजवल्या. इतक्या शर्यती जिंकलो, पण टाळ्या आजवर स्क्रीनमधल्याच होत्या.

फाट्यावर चहा आणि कांदाभजी झाली. ती गरम मिळाली तरच खा. पुढे हायवेला मी चौथ्या गिअरमध्ये साठने नाशिक रोड गाठलं. ओझरला कारखान्याकडे जाणारा फाटा आला तेव्हा अण्णांनी डोळे उघडून समोर पाहिलं. मी गाडी जरा हळू केली, एवढंच.

आमच्या सोसायटीचं पार्किंग म्हणजे दोन खांब आणि त्यांच्यामध्ये देवाची करणी. शीतल रोज तिथे उलटी गाडी लावते; त्या दिवशी तिने ती बाहेर रस्त्याला लावून जागा मोकळी ठेवली होती. मी तिला हाक मारणार, तेवढ्यात अण्णा उतरले आणि मुक्ताचा हात धरून मागच्या भिंतीशी जाऊन उभे राहिले.

“अण्णा, तुम्ही नको,” शीतल धावत आली.

“समोरचं दिसतं मला,” अण्णा म्हणाले. “मागं उभ्या माणसाला समोरचंच बघायचं असतं.” मग माझ्याकडे बघून खणखणीत आवाजात, “येऊ द्या!”

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला अहो-जाहो केलं. मागे उभं राहण्याच्या नोकरीतला तोही एक नियम असावा. मी आरसे बघितले नाहीत. येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या, आणि “बस्स!” मी थांबलो. उतरून पाहिलं तर भिंत आणि डिकी यांच्यात बरोबर मुक्ताची वीत होती.

चार दिवसांचे पंधरा झाले. अण्णांनी शिलाई मशीनवर बसूनही पाहिलं. शर्यत सुरू झाली, सगळ्या गाड्या सुटल्या, अण्णांची जागेवरच. “याला रिव्हर्स कुठंय?” त्यांनी विचारलं. मला सांगता येईना. इतकी वर्षं मी धडकलो की बटण दाबून पुन्हा पहिल्यापासून सुरू करत आलो होतो. शेवटी मुक्ताने शोधून दिला, आणि अण्णांनी तीनशे अश्वशक्तीची ती गाडी रिकाम्या मैदानात भिंतीला लावून व्यवस्थित पार्क केली. “चांगला खेळ हाय,” म्हणाले.

मग त्यांना गावाची ओढ लागली. गाडी ठेवा म्हणाले, आम्ही बसने जातो. पांढरी गाडी आता खालीच असते. रविवारी मी ती ओझरच्या फाट्यापर्यंत फिरवून आणतो, खिडक्या बंद, रेडिओ बंद, आवाज ऐकत. खेळातही हल्ली क्लच वापरतो आणि शेवटचा येतो.

त्यांना पोचवायला गेलो त्या दिवशी सीबीएसवर आई आधी चढली. अण्णा पायरीवर एक पाय ठेवून थांबले. आपल्याकडे कुणी ‘जातो’ म्हणत नाही.

“येतो रे,” ते म्हणाले.

यावर ‘या’ म्हणायचं असतं, हे मला माहीत आहे. पण तोंडातून भलतंच निघालं.

“येऊ द्या.”

अण्णा आधी चमकले, मग इतके हसले की मागच्या माणसाला थांबावं लागलं.

“जागा हाय का मागं?” त्यांनी विचारलं.

“लय आहे, अण्णा,” मी म्हणालो.